न उघडलेली दोन पानं

स्पॅनिश विभागाला तेव्हा दोनच खोल्या होत्या. एकीत वर्ग भरायचा, दुसरीत सर बसायचे, आणि मधल्या बोळकांडीत पुस्तकांची तीन कपाटं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला विद्यार्थी चार. त्यांतली जी खिडकीजवळ बसायची, तिला घरी सगळे धाकटी म्हणत. विभागातही तेच नाव रुजलं, कारण तिची आत्या एकदा विसरलेली छत्री द्यायला आली आणि बोळकांडीत उभी राहून "धाकटे, अगं ए धाकटे" अशा हाका मारून गेली.

आत्याला या शिक्षणाचं मोठं कोडं होतं. "ही भाषा बोलणार कोणाशी? भिंतीशी?" असं ती दर आठवड्याला विचारायची. एकदा तिने वही उघडून पाहिली, तर प्रश्नाच्या सुरुवातीलाच उलटं प्रश्नचिन्ह. म्हणाली, "म्हणजे भांडायच्या आधीच पदर खोचून उभं राहायचं! माणसं बरी दिसतायत ही."

धाकटी हसली होती. तिला तरी कुठे सांगता येत होतं, की या भाषेचं तिला नेमकं काय आवडतं ते! दार लावून एखादं पान मोठ्याने वाचलं की तोंड धुतल्यासारखं वाटायचं, इतकंच.

तिचा प्रबंध एका कादंबरीवर होता. दूरच्या किनाऱ्यावरचं एक लहानसं बंदर, तिथली एक विधवा, होडी घेऊन गेलेला आणि परत न आलेला तिचा मुलगा. गावातले सगळे बोलतात. ती बाई मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अवाक्षर काढत नाही. सरांचा या मौनावर एक मोठा लेख होता आणि बावीस वर्षं त्यांचं शिकवणं त्यावर उभं होतं. कादंबरीची अख्ख्या विद्यापीठात एकच प्रत. त्यामुळे मुलं सरांची टिपणं उतरवून घेत, आणि पुस्तक वाचनालयातच बसून, ग्रंथपालबाईंच्या नजरेखाली, जपून चाळत. धाकटीने ते चार वेळा वाचलं होतं. एकशे चाळीस पानांचा प्रबंध टाइप होऊन तयार होता. पंधरा दिवसांत सरांच्या सहीने तो कचेरीत गेला, की विभागातल्या कनिष्ठ शिक्षकाच्या एकुलत्या जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. त्या जागेवर दोघांचाच डोळा होता, तिचा आणि वर्गातल्या लंबूचा. लंबूचा प्रबंध कवितेवर होता आणि शेवटचं प्रकरण अजून व्हायचं होतं.

अशात पुस्तकाची शिवण सुटली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुझे वडील बाइंडर आहेत ना? ने त्यांच्याकडे. पण पान इकडचं तिकडे झालं तर तुलाच शिवून ठेवीन कपाटात."

बाबांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. खळीचा वास, दाबयंत्र, दोऱ्याची रिळं. पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो, शिवायला घेण्याआधी प्रत्येक फर्म्याची, म्हणजे घडी घातलेल्या जुडीची, पानं मोजायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी कडांवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे कापलंय कोणी? उंदराने?"

"पूर्वी पुस्तकं अशीच यायची बाबा, पानांच्या घड्या न कापलेली. वाचणाऱ्याने कापायची."

"ते मला सांगतेस? पण हत्यार तरी धड घ्यावं माणसाने." ते मोजत राहिले आणि एका जागी थबकले. "धाकटे, इकडे ये. एकशे सत्तावन्नच्या मागे एकशे साठ कसं?"

तिने पाहिलं. पान जरा जाड होतं, एवढंच. बाहेरच्या कडेची घडी जशीच्या तशी होती. आत दोन पानं मिटलेली. एकशे सत्तावन्न पूर्णविरामावर संपत होतं आणि एकशे साठवर नवं प्रकरण सुरू होत होतं, म्हणून कोणाला काही तुटल्यासारखं वाटलं नव्हतं. तिला नाही, सरांना नाही, बावीस वर्षांतल्या कोणालाच नाही.

तिने पान नळीसारखं गोल करून आत डोळा लावला. ओळींच्या सुरुवातीला आडव्या रेघा दिसल्या. स्पॅनिशमध्ये माणूस बोलायला लागला की अशी रेघ येते. आणि एका रेघेपुढे, 'म्हणाली' या शब्दाशेजारी, त्या विधवेचं नाव होतं.

धाकटीने पान पुन्हा गोल केलं, पुन्हा पाहिलं.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ती बोलते."

"मग बोलेना का! कापू?" त्यांनी हाडाची पट्टी उचलली, आणि स्वतःच परत ठेवली. "नको. मालकाला विचारल्याशिवाय नको. मला शिवायला दिलंय, कापायला नाही."

तो सगळा रविवार तिने दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात काढला. गप्प बसणं सोपं होतं. घडी आहे तशी ठेवून पुस्तक शिवलं असतं, तर आणखी बावीस वर्षं कोणाला पत्ता लागला नसता. सर तर या वर्षी निवृत्तच होणार होते. पण मग आपल्या एकशे चाळीस पानांचं काय, ती खोटी आहेत हे आपल्याला ठाऊक असताना? आणि सांगायला जावं, तर सरांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी ती सुटं पुस्तक फडक्यात बांधून सरांच्या खोलीत गेली. सर विद्यार्थ्यांनाही अहोजाहो करत.

"बसा. सहीसाठी आलात ना?"

"नाही सर." तिने फडकं सोडलं, पान दाखवलं. "ही घडी कापायची राहिलीय. बाबा म्हणाले, कोण्या उंदराने कापलंय पुस्तक."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पान उजेडाकडे धरलं.

"तो उंदीर मी," ते म्हणाले. "शिकून परत येताना जहाजावर वाचलं हे. चाकू नव्हता, कंगव्याच्या दांड्याने कापत होतो. जहाज हलत होतं." मग लगेच, "नाही, जहाजाला कशाला बोल लावू? घाईत होतो. पुढे काय होतं ते हवं होतं. इथे आल्यावर पुस्तक विभागाला दिलं आणि टिपणांवरून शिकवत बसलो. कापा तुम्ही. आणि वाचा मोठ्याने."

त्यांच्या टेबलावरच्या पट्टीने तिने घडी कापली. कागद कुरकुरत उघडला. ती वाचू लागली.

बाई बोलत होती, आणि कशाबद्दल, तर छपराबद्दल. शेजाऱ्याला झाप झाप झापत होती. पत्रा उडालाय, अंथरुणावर पाणी गळतंय, तुझी बकरी माझ्या भिंतीवर चढते म्हणून हे झालं, पुरुष म्हणवतोस आणि शिडी लावायला हात मोडतात का! पावणेदोन पानं नुसता तोंडाचा पट्टा. अगदी शेवटी एवढंच, की ते अंथरूण माझ्या मुलाचं आहे, ते ओलं होता कामा नये.

सर आधी हसले. मोठ्याने, खुर्ची हलेपर्यंत. मग शेवटची ओळ आली आणि ते खिडकीकडे पाहू लागले.

"केवढं मौन, केवढं मौन म्हणून मी कंठशोष केला," ते म्हणाले, "आणि ही बाई बकरीवरून भांडतेय." ते उठले. "मी आता तुमच्या प्रबंधावर सही करू शकत नाही. तुम्हाला कळतंय ना?"

"हो सर."

"जागा जाईल या वर्षीची."

"हो सर," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रुमाल शोधावा लागला.

मुदतवाढीचा अर्ज सरांनी स्वतः लिहून कचेरीत नेला. कारकून वाचून घाबरा झाला. "सर, 'मार्गदर्शकाने पुस्तक पूर्ण वाचले नव्हते' असं लिहायचं नसतं हो. 'अपरिहार्य कारणास्तव' लिहा."

"कारण टाळता येण्यासारखं होतं," सर म्हणाले. "आहे तेच राहू द्या."

लंबूचा प्रबंध मुदतीत पुरा झाला आणि जागा त्याला मिळाली. तो बिचारा तिला तोंड चुकवून जायचा. शेवटी तिनेच त्याला गाठून चहा पाजला. प्रबंध मात्र पुढे सरकेना. मौन तर गेलं, त्याच्या जागी काय आणायचं? दोन महिने ती कोरे कागद घेऊन बसत होती.

एका दुपारी आत्या तिला हाताशी घेऊन चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तोंड का सुतकी तुझं? काय आहे तरी काय त्या पुस्तकात?" धाकटीने सांगितलं. गोष्ट, बंदर, मुलगा, दोन पानं, छप्पर. पहिल्यांदाच आत्याने मध्ये तोंड घातलं नाही.

"मग?" ती शेवटी म्हणाली. "पत्रा बसवला का मेल्याने?"

"काय?"

"अगं, एवढी बोलली ती त्याला. पत्रा बसवला की नाही?"

धाकटी चादर तशीच टाकून उठली. हे कोणी विचारलंच नव्हतं. वाचनालयात जाऊन तिने बाबांनी शिवून दिलेलं पुस्तक पुन्हा काढलं. दोनशे बाराव्या पानावर सगळं गाव त्या मुलासाठी किनाऱ्यावर दिवे घेऊन उभं असतं, फक्त शेजारी तिथे नसतो. सरांच्या टिपणांत लिहिलं होतं, त्याला दुसऱ्याच्या दुःखाचं सोयरसुतक नाही. आणि दोनशे चौदाव्यावर एक ओळ होती, जिच्यावरून सगळ्यांचे डोळे नुसते घसरत गेले होते: विधवेच्या भिंतीला एक शिडी टेकलेली आहे, आणि वर हातोडीचा आवाज येतो आहे.

प्रबंध पुन्हा लिहायला तिला दोन महिने लागले. सरांनी तो तीन दिवस घरी ठेवून वाचला आणि तिला बोलावलं.

"हा शिडीचा मुद्दा कुठून सुचला?"

"आत्याने विचारलं, पत्रा बसवला का म्हणून."

"काय शिकल्यात त्या?"

"फारसं नाही, सर. चौथी."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "ऋणनिर्देशात त्यांचं नाव माझ्या आधी घाला," ते म्हणाले, आणि सही केली.