आरपार वारा

“खिडकी! ती खिडकी लावा आधी! माणसं मारायचीत का?”

डॉक्टर ग्रादिमिर परीक्षेच्या खोलीत शिरले ते असे ओरडतच. हातातली फाइल त्यांनी मानेवर आडवी धरली होती, जणू समोरून गोळ्या येत होत्या. येत होता तो फक्त वारा. खोलीच्या समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या कुणीतरी उघड्या टाकल्या होत्या आणि ऑगस्टच्या त्या भाजून काढणाऱ्या सकाळी वारा एकीतून येऊन दुसरीतून जात होता. अकरा नर्सपैकी सात जणी झटकन उठल्या आणि त्यांनी खिडक्यांना कड्या घातल्या. उरलेल्या चौघी उठल्या नाहीत, कारण त्या आधीच पळून व्हरांड्यात उभ्या होत्या.

कडी घालणाऱ्यांत सगळ्यात पुढे होती स्टामेंका. डोंगरातल्या व्रानिलुग गावच्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं नर्स होती. अख्ख्या सर्बियात आरपार वाऱ्याला सगळेच भितात, पण व्रानिलुगइतकं कुणी भीत नसेल. तिथे मेलेल्या निम्म्या माणसांना म्हणे या वाऱ्याने नेलं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरच्यांनी खिडकी उघडी होती हे लपवलं. मागे एका शेतकऱ्याला बैलाने तुडवून मारलं, तर आपल्या तेराव्यासारखं तिकडे चाळिसाव्या दिवशी जे जेवण असतं, त्याला म्हाताऱ्या हळहळत म्हणाल्या, “गोठ्याची दोन्ही दारं सताड उघडी होती ना, दुसरं काय होणार!”

“अगं, सगळं पाठ झालंय ना?” शेजारच्या गावची नर्स ल्युबिंका कुजबुजली. तीही स्टामेंकासारखी परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती.

“पाठ झालंय गं. पटलं नाहीये.”

“पटायचं राहू दे. पुस्तकात आहे तेच पडद्यावर दाबायचं. गेल्या वेळी पटवत बसलीस म्हणून आपटलीस.”

खरं होतं. वसंतात झालेल्या परीक्षेत स्टामेंकाचे दोन गुण कमी पडले होते. छातीत कळ आली, घाम फुटला, तर आधी काय कराल? चार पर्याय होते. रुग्णवाहिका बोलवा, हा बरोबर होता. पण व्रानिलुगला रुग्णवाहिका दीड तासाने येते, आणि एकदा तर चालकच रस्ता चुकून शेजारच्या जत्रेत सापडला होता. स्टामेंकाने ‘शेजाऱ्याचा ट्रॅक्टर’ असा पर्याय पुष्कळ शोधला. तो नव्हता. तिने चिडून काहीच दाबलं नाही.

आज शेवटची संधी होती. नवा नियमच तसा होता. ज्या गावात डॉक्टर राहत नाही, तिथल्या नर्सने साध्या आजारांच्या चाळीस प्रश्नांपैकी बत्तीस बरोबर सोडवायचे. नाही जमलं तर तिला जिल्ह्याच्या इस्पितळात जुन्या कागदांच्या खोलीत बसवणार, आणि एक तारखेपासून दवाखान्याला कुलूप. दुसरी नर्स तिथे जायला तयार नव्हती. म्हणजे एकशे चाळीस म्हाताऱ्यांनी साधं इंजेक्शन घ्यायलाही आठवड्यातून दोनदा येणाऱ्या बसने चाळीस किलोमीटर जायचं.

“सुरू करा,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बाजूला जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या देसांकाबाई बसल्या होत्या, गळ्याभोवती लोकरीचा रुमाल गुंडाळून. पंखा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं होतं.

पहिले प्रश्न भराभर गेले. सतत तहान, वारंवार लघवी, वजन उतरतंय? मधुमेहासाठी साखर तपासा. गंजका खिळा लागला? जखम धुवा, धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारा. सर्दी कशाने होते? स्टामेंकाने ‘विषाणू’ दाबलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर डॉक्टरसाहेब खिडकीची फट वर्तमानपत्राने बुजवत होते.

अठराव्या प्रश्नाला तिला हसूच आलं. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड. काय झालं असावं? तिच्या भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या चुलत्याने वधूवरांसाठी पेला उचलून भाषण सुरू केलं, ते तोंडाच्या एकाच बाजूने बाहेर येऊ लागलं. मंडळी टाळ्या वाजवत होती. राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, चढली की म्हातारा असाच बोलतो म्हणून. स्टामेंकाने पाहिलं की पेला हातातून निसटतोय आणि म्हाताऱ्याला त्याचं दुःख होत नाहीये. राकिया सांडतेय आणि दुःख नाही! दहा मिनिटांत तिने त्याला नवरीच्या सजवलेल्या गाडीतून इस्पितळाकडे पिटाळलं. तो आज चालतो, बोलतो, आणि त्या दिवशी भाषण पुरं करू दिलं नाही म्हणून तिच्याशी अबोला धरून आहे. तिने ‘पक्षाघात’ दाबलं.

एकतिसाव्या प्रश्नाला गाडी अडली. ‘दवाखान्यात ताप-खोकल्याचे पुष्कळ रुग्ण बसले आहेत. मास्क दिले आहेत. संसर्ग कमी करण्यासाठी लगेच काय कराल?’ अ, खोली गरम ठेवाल. ब, समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवाल. क, रुग्णांना खोलीतच लांब लांब बसवाल. ड, जंतुनाशक फवाराल.

पुस्तकात ‘ब’ होतं. पानसुद्धा आठवत होतं, कॉफी सांडलेलं. पण तिच्या डोळ्यांपुढे व्रानिलुगची ती खोली आली आणि त्या खोलीत तिने दोन्ही खिडक्या उघडल्या. म्हाताऱ्या किंचाळत उठल्या. म्हातारे काठ्या टाकून पळाले. सगळा ताप, सगळा खोकला गावभर पसरला, आणि पुन्हा म्हणून कुणी दवाखान्याची पायरी चढलं नाही.

‘ब दाब,’ तिने स्वतःला बजावलं. ‘दाब की गं बये.’

बोट पुढे गेलं आणि ‘क’वर पडलं.

तासाभराने पडद्यावर आकडा आला. चाळीसपैकी एकतीस.

ल्युबिंका चौतीस घेऊन सुटली होती. तिने मैत्रिणीच्या पडद्याकडे पाहिलं आणि ती स्वतःची पिशवी आवरायला लागली.

स्टामेंका उठली. “डॉक्टरसाहेब, आठ चुका माझ्या. मान्य. नववीबद्दल, खिडक्यांच्या त्या प्रश्नाबद्दल बोलायचंय.”

“उत्तर यंत्रात आहे, सिस्टर. मी ठरवत नाही.”

“पण तुम्हाला पटतं का ते उत्तर?”

“शास्त्र आहे ते! हवा खेळती राहिली की जंतू विरळ होतात. शाळेतली पोरंसुद्धा सांगतील.”

“मग सकाळी फाइल मानेवर का घेतलीत?”

“ते वेगळं. मला घाम आलेला होता.”

“माझ्या रुग्णांनाही ताप असतो. त्यांनाही घाम येतो.”

देसांकाबाईंनी रुमाल घट्ट केला. “बाई, वाद घालू नका. नियम तो नियम.”

“नियमच पाळू या ना मग. पाच मिनिटं बसा दोघं. वाऱ्यात. बसलात तर मी निमूट जाते.”

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने एक खिडकी उघडली. मग समोरची उघडली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या उडाल्या. देसांकाबाई “अगं बाई, माझी मान!” म्हणत उठल्या ते थेट जिन्यात. मागे राहिलेल्या नर्स भिंतीला घासत निसटल्या. डॉक्टर ग्रादिमिर, तीस वर्षांच्या अनुभवाचे श्वसनरोगतज्ज्ञ, एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने कंबर झाकत दाराबाहेर झाले आणि दाराच्या फटीतून ओरडले, “सिस्टर, आधी खिडकी लावा, मग काय ते बोला!”

“बोला की तिथूनच. एक गुण द्या.”

“यंत्राने आकडा पाठवलासुद्धा. माझ्या हातात काही नाही हो, देवाशपथ!” आवाजावरून ते खरं बोलत असावेत.

खोलीत ती एकटीच उरली. घामेजलेल्या मानेवर वारा लागला. एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदाच ती जाणूनबुजून त्याच्या वाटेत उभी होती. थोडा वेळ तिने मान अवघडायची वाट पाहिली. मान अवघडली नाही. वारा छान होता, गार होता, त्याला कापलेल्या गवताचा वास होता. पुस्तकाचं बरोबर होतं. ते चुकलं असतं तर तिला तोंड भरून शिव्या तरी घालता आल्या असत्या. आता शिव्या घालायला कुणी उरलंच नव्हतं.

ती खाली उतरली आणि दुपारच्या बसमध्ये चढली.

बसमध्ये बाजार करून परतणारी पंधरा-वीस माणसं होती. निकाल कुणी विचारला नाही. तिचं तोंड पाहून चालक झिवादिनने गाणी बंद केली, तेवढंच. घाट लागल्यावर म्हातारा सिबिन पुढच्या सीटवरून उठून तिच्या शेजारी येऊन बसला आणि शर्टाची बाही वर सरकवू लागला.

“पोरी, जरा रक्तदाब बघ गं. सकाळपासून कानात घणघण होतंय.”

“आजोबा, मी नापास झाले. दवाखाना एक तारखेपासून बंद. मला आता अधिकार नाही.”

“आज किती तारीख?”

“सव्वीस.”

“मग?” म्हाताऱ्याने दंड पुढे केला.

तिने पिशवीतून यंत्र काढलं, पट्टा गुंडाळला, नळी कानाला लावली. फुगा दाबला. इंजिनाची घरघर सोडून काही ऐकू येईना. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. नळी तिने कानातून ओढून काढली.

“नाही ऐकू येत,” ती म्हणाली. “काहीच ऐकू येत नाहीये मला.”

झिवादिनने आरशात पाहिलं. उतारावर जागा बघून त्याने बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. कुणाच्या तरी मांडीवरची कोंबडी कुरकुरत होती, तिच्यावर मालकिणीने ॲप्रन टाकला. खोकला आलेल्या एकाने तो गिळला.

स्टामेंकाने नळी पुन्हा कानाला लावली. पारा हळूहळू उतरू लागला.

“एकशे ऐंशी,” ती म्हणाली. “आजोबा, गोळी बंद केलीय तुम्ही.”

“बरं वाटत होतं म्हणून...”

“बरं वाटतं ते गोळीमुळेच. आज गेल्या गेल्या घ्यायची, आणि उद्या सकाळी मला दाखवायला यायचं.”

तिने पट्टा सोडला. तो गुंडाळून पिशवीत ठेवणार, तोच पलीकडच्या सीटवरच्या बाईने बाही वर केली. तिच्या मागच्याने केली. मग त्याच्या मागच्याने.

झिवादिनने किल्ली काढून खिशात टाकली.