चौसष्ट पैलवानांचा सतरावा प्रश्न

मी प्रश्न क्रमांक सतरा बोलतोय. दचकू नका, वही-पेन काढायची गरज नाही. आजवर माझ्यासमोर जो बसला तो घड्याळाकडे बघतच बसला. तुम्ही जरा निवांत बसा. चुकलात तरी मी कुणाला सांगणार नाही. मला सांगता येत असतं तर हे सगळं रामायण घडलंच नसतं.

माझा जन्म कोल्हापुरात, शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, अमरेश सरांच्या टेबलावर झाला. सर एका हायस्कुलात गणित शिकवायचे. सातवी-आठवीच्या मुलांसाठी एक मंडळ जिल्हाभर गणिताची स्पर्धा घ्यायचं, तिचा पेपरही तेच काढायचे. जन्मलो तेव्हा माझ्या अंगावर बॅडमिंटनचे कपडे होते. चौसष्ट खेळाडू, शेवटी एक विजेता, तर एकूण सामने किती? सर रोज संध्याकाळी रॅकेट घेऊन बाहेर पडणारे, त्यांना दुसरं काय सुचणार? मग त्यांच्या मनात आलं, खेड्यातल्या पोरांनी बॅडमिंटन कुठं बघितलंय! त्यांना आपल्या मातीतलं काहीतरी द्यावं. त्यांनी खोडरबर घेतला, खेळाडूंचे पैलवान केले, सामन्यांच्या कुस्त्या केल्या, आणि मी असा झालो:

‘कुस्तीच्या मैदानात चौसष्ट पैलवान उतरले. शेवटी एक विजेता ठरला. तर एकूण किती कुस्त्या झाल्या?’

हेतू सोन्यासारखा होता. पण सर म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा न चाखलेला माणूस. रश्श्याचं मी समजू शकतो, त्यांच्या लिंगायत घरात तो चालत नव्हता. कुस्तीच्या मैदानाला मात्र कुणी मनाई केली नव्हती, तरी तेही त्यांनी कधी बसून बघितलेलं नव्हतं. हरला तो बाद आणि जिंकला तो पुढच्या फेरीत, हे त्यांनी माझ्यात लिहिलंच नाही. बॅडमिंटनवाल्याला ते सांगावं लागत नाही ना! उत्तरसूचीत त्यांनी माझ्यापुढे त्रेसष्ट लिहिलं आणि चहा प्यायला उठले.

छापखान्यातून निघालो तो थेट पाकिटात. पाकिटाला लाख लावलेली, पाकिटं कपाटात, कपाटाला कुलूप. परीक्षेपर्यंत आम्ही पंचवीस भावंडं अंधारात दाटीवाटीनं पडून होतो. आम्हा प्रश्नांचं आयुष्यच असं. पण एक बरं असतं, जितक्या प्रती तितके आमचे डोळे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पाकिटं फुटली आणि मी जिल्हाभर एकदम जागा झालो.

शहरात क्लासला जाणाऱ्या पोरांनी माझ्याकडे धड बघितलंही नाही. “बाद फेरी. एक वजा,” असं पुटपुटत त्यांनी त्रेसष्ट लिहिलं आणि पुढे गेली. मला वाईट वाटलं. पाहुणा दारात आला आणि त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं, तसं झालं. खेड्यांतल्या बऱ्याच पोरांनी मला सोडून दिलं, काहींनी अंदाजपंचे काहीतरी ठोकलं.

पण नेसरीच्या पुढे एका वाडीतल्या शाळेत मी अनुजाच्या हातात पडलो. सातवीतली पोर, दोन वेण्या, नाकावर घाम. तिनं मला एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि ती चक्क हसली. जन्मात पहिल्यांदा मला बघून कुणीतरी हसत होतं.

त्याचं कारण होतं. आदल्याच आठवड्यात वाडीची जत्रा झाली होती आणि जत्रेचं कुस्त्यांचं मैदान झालं होतं. अनुजाचा बाप केरबा जुना पैलवान. बायकापोरी मैदानात फारशा जात नाहीत, पण हिला त्यानं लहानपणापासून खांद्यावर बसवून नेलेलं. ज्या मुली गेल्या नव्हत्या त्यांनीही गावभर बांधलेल्या कर्ण्यांवर एकेक कुस्ती ऐकली होती. आणि गावच्या मैदानाची रीत अशी की जोड्या पंच आधीच लावतात. ज्याची त्याची एकच कुस्ती. जिंकला की फेटा बांधून, बक्षीस घेऊन तो मोकळा. त्या दिवशी परत मातीत उतरत नाही. शेवटची कुस्ती एक नंबरची, ती मारेल तो मैदानाचा विजेता. म्हणजे चौसष्ट पैलवानांच्या जोड्या किती आणि कुस्त्या किती?

अनुजानं प्रश्नपत्रिकेच्या कडेला बारीक रेघांच्या जोड्या मांडल्या आणि तिथं आणि उत्तरपत्रिकेतही उत्तर लिहिलं: बत्तीस. त्या केंद्रावरच्या एकूण एक पोरानं बत्तीसच लिहिलं.

झालं! पेपर तपासायला घेतल्यावर मंडळात कुजबूज सुरू झाली. माणसांची ही एक गंमत मला आजही कळलेली नाही. सगळ्या वर्गाचं उत्तर सारखंच बरोबर आलं असतं तर गुरुजींना नारळ आणि शाल मिळाली असती. सगळ्यांचं सारखंच चुकलं, तर म्हणे कॉपी. कार्यवाह बाळासो यांनी त्या केंद्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका प्रश्नपत्रिकेसकट वेगळा बांधला, वर लाल पेन्सिलीनं ‘सामूहिक कॉपी, चौकशी’ असं लिहिलं आणि पुन्हा कपाटात टाकला. मी आत. पोरांनी कुणाच्या पेपरात डोकावलंसुद्धा नव्हतं, हे जगात एकट्या मला ठाऊक. आणि मला तोंड नाही. त्या कपाटात मी जे तडफडलो ते माझं मला माहीत.

अनुजानं घरी नेलेल्या प्रश्नपत्रिकेवरही मी होतोच. ती तिनं दिवळीत देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवली होती. त्या पोरीनं सगळा जीव या स्पर्धेत गुंतवला होता. वाडीची शाळा सातवीपर्यंतच. स्पर्धेतून निवडलेल्या मुलांचं उन्हाळ्यात वारणानगरला शिबिर होणार होतं, आणि केरबानं शब्द दिला होता, “शिबिराला नाव लागलं की तुला कोल्हापुरात आत्तीकडं ठिवतो. हायस्कूल तितंच कर.” नाव नाही लागलं तर काय, हे कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती. तिच्या दोन्ही चुलत बहिणी सातवीनंतर म्हशी राखत होत्या.

चौकशीची बातमी आली त्या संध्याकाळी केरबा धारा काढून आला आणि चरवी तशीच हातात धरून उभा राहिला.

“अनू, खरं सांग. कुणाचं बघितलंस?”

“न्हाय आबा.”

“मग समद्या पोरांचं एकच कसं आलं?”

“मला ठावं न्हाय.”

“बघ पोरी. मी लई कुस्त्या हरलो. चारचौघांत पाठ टेकली, पर चोरून डाव मारला न्हाय कवा. आपल्या घरात त्ये चालत न्हाय.”

“न्हाय बघितलं म्हटलं की, आबा!”

केरबानं चरवी खाली ठेवली. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. ती रात्री जेवताना सारखी त्याच्या तोंडाकडे बघायची आणि तो भाकरीकडे बघायचा. दिवळीतून मला हे दिसायचं. वाटायचं, कागदावरून उडी मारावी आणि त्या माणसाच्या कानात ओरडावं. पण मी कागदाला चिकटलेला आणि कागद तसबिरीमागे.

चौकशीला वाडीच्या शाळेचे पिराजी गुरुजी पोरांना एसटीनं कोल्हापूरला घेऊन आले. सोबत केरबाही आला. शहरात जायचं म्हणून त्यानं घडीचा फेटा बांधला होता, पण चेहरा असा की मयतीला निघालाय. मंडळाच्या खोलीत बाळासो, अमरेश सर आणि टेबलावर गठ्ठ्यातला मी. एकेक पोर आत यायचं, बाकीची बाहेर बाकावर.

“बत्तीस कुठनं आणलंस?” बाळासोंचा आवाज आधीच मोठा, त्यात पंखा बंद.

“निम्मं केलं,” पहिलं पोर म्हणालं.

“निम्मं केलं,” दुसरं म्हणालं.

तिसरंही तेच म्हणालं. खरं तेच होतं, दुसरं काय म्हणणार? पण जसजशी पोरं खरं बोलायला लागली तसतशी बाळासोंची खात्री पटत गेली. “बघितलं का सर? पढवून आणल्यात!” खोटं बोलली असती तर कदाचित सुटली असती. मी टेबलावर उताणा पडून हे ऐकत होतो. असला कोंडमारा वैऱ्यावरही येऊ नये.

मग अनुजा आली. दार उघडंच राहिलं आणि चौकटीत केरबा येऊन उभा राहिला. त्याला कुणी बाहेर काढलं नाही.

“निम्मं का केलंस?” या वेळी अमरेश सरांनी विचारलं.

“दोघा दोघांची जोड लागती की, सर. चौसष्टाच्या बत्तीस जोडी.”

“बरोबर. पण मग बत्तीस जिंकलेले उरतात. त्यांचं पुढं काय?”

अनुजा सरांकडे बघतच राहिली. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे कसं माहीत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. “पुढं काय म्हंजे? फेटा बांधून घरला जात्यात.”

“घरी? आणि विजेता कसा ठरतो?”

“शेवटाला एक नंबरची कुस्ती आसती. ती मारंल त्यो. ढाल त्येलाच. परवा जत्रंत मी पैल्या रांगंत बसलोतो, तवा तसंच झालं की.”

सरांनी मला उचललं आणि पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तेवढ्यात बाळासोंनी कपाळावर हात मारून घेतला. “आयला, व्हय की!” हा गडी खासबागेत मैदान असलं की दुपारपासून जागा धरणारा. पण मैदानात बसणारे बाळासो आणि खुर्चीत बसणारे बाळासो यांची तोवर गाठच पडली नव्हती. तरी खुर्ची लगेच जागी झाली. “पण हेही कुणी शिकवून पाठवलं असंल तर?”

सरांनी खुर्ची पुढे ओढली. “अनुजा, आता माझी रीत ऐक. हरला तो बाहेर. जिंकला त्यानं परत लढायचं. लढत राहायचं, एकटा उरेपर्यंत. मग किती कुस्त्या?”

तिनं कागद मागितला नाही. डोळे बारीक केले, जमिनीकडे बघितलं, आणि मी तिच्या डोक्यात शिरलो. तिथं लाल माती होती, हलगी होती, आणि एकेक कुस्ती झाली की एकेक गडी धूळ झटकत वेशीच्या वाटेला लागत होता. एवढा मोकळा मी कधीच नव्हतो, पुढेही झालो नाही.

“एका कुस्तीला एकच गडी घरी जातो,” ती सावकाश म्हणाली. “एकटा उरायचा तर बाकीच्यास्नी घालवाय पायजे. त्रेसष्ट जण. मग त्रेसष्ट कुस्त्या.”

“आणि पासष्ट असते तर? एकाला जोडच मिळत नाही.”

“बसू दे की त्येला. आज न्हाय तर उद्या त्योबी लढंल. कुस्त्या चौसष्ट.”

अमरेश सर उठून उभे राहिले. त्यांनी बाळासोंना एवढंच म्हटलं, “हिला कॉपीची गरज आहे असं अजून वाटतं?”

लाल पेन्सिलीचा शेरा खोडला गेला. सगळ्या पोरांचा. पण माझा गुण? सरांनी हुज्जत घातली, म्हणाले, “प्रश्न माझा, चूक माझी, गुण द्या.” बाळासो मान हलवत राहिले. उत्तरसूची छापून जिल्हाभर गेली होती. आता बत्तीस बरोबर धरलं तर त्रेसष्टवाल्यांचे आईबाप दारात उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, पण छापलेल्या कागदाला तो देवासारखा भ्यायचा. एका गुणानं, माझ्याच एका गुणानं, अनुजाचं नाव तिथंच वाचून दाखवलेल्या शिबिराच्या यादीत आलं नाही. हे मला अजून खुपतं.

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि इतका वेळ न रडलेली पोर भिंतीला टेकून रडायला लागली. “नाव न्हाय लागलं, आबा.”

केरबा तिच्यासमोर उभा राहिला. त्यानं डोक्याचा फेटा उतरवला, तो सोडला, आणि तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तिच्या दोन वेण्यांवर बांधायला लागला. मोठा झाला, डोळ्यांवर आला, तरी बांधत राहिला.

“कुस्ती मारली की काय करत्यात, तूच सांगितलंस न्हवं आत?” तो म्हणाला. “चल. आत्तीचं घर हितनं लांब न्हाय.”

त्या दिवशी आत्तीशी बोलणं ठरलं आणि सातवीची परीक्षा होताच ती गेली. आत्तीकडे राहिली, शिकली.

मी मात्र राहिलो तो राहिलोच. पुढच्या वर्षी सरांनी मला दुरुस्त केलं, ‘हरलेला पैलवान बाद होतो’ हे वाक्य घातलं. तसा नीटनेटका होऊन मी एका मार्गदर्शक पुस्तकात गेलो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दोन हजार साल आलं आणि गेलं, गल्लोगल्ली क्लास निघाले, आणि माझ्या पोटाखाली चौकट छापली गेली: ‘युक्ती – एकूण संख्येतून एक वजा करा.’ वेशीच्या वाटेला लागलेले ते त्रेसष्ट गडी, ती हलगी, ती माती, सगळं त्या एका ओळीत चेपून बसवलंय. पोरं मला वाचायच्या आधी चौकट वाचतात आणि पान उलटतात. गेली कित्येक वर्षं मी असाच मिटलेल्या पानांत, उत्तराच्या डोक्यावर बसून आहे.

कधी मी तुमच्या हाती लागलो तर एवढं करा. खालच्या चौकटीवर तळहात ठेवा आणि जरा थांबा. चुकलं तर चुकू द्या. माझी एकच प्रत आजवर मोकळी राहिली आहे. ती अनुजाजवळ आहे, दिवळीतून काढून तिनं ती बरोबर नेली. तिच्या कडेला रेघांच्या बत्तीस जोड्या आहेत आणि उत्तर चुकलेलं आहे.