ताप ओळखणारं रक्त

कुरखेड्याजवळच्या एका गावात आशाबाईच्या हातचे मासे कुणी घेईनासं झालं होतं. २००६ सालच्या पावसाळ्यानंतर तिकडे लंगडा ताप पसरला. सांधे असे धरायचे, की माणसाला उठता-बसता येत नसे. गावात पहिल्यांदा आजारी पडली ती आशाबाई. ती बरी झाली, पुन्हा तलावावर मासे धरायला जायला लागली. पण 'तिच्या हातून रोग येते' ही बोलवा काही थांबेना.

शेजारची शकुबाई तिची जिवाभावाची. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागलेली. पण लोकांच्या धाकानं तिनंही आशाबाईकडे जाणं सोडलं.

दिवाळीला शकुबाईची लेक साधना घरी आली. ती नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती.

"आई, आशामावशीले भेटून येते."

"नको जाऊ वं! ताप येईन तुले."

"तो डासानं येते, आई. माणसाच्या हातानं नाई."

"तरी नको. लोक काय म्हनतीन?"

साधनानं आईकडे पाहिलं. "मी नागपूरले काय करून राह्यली, ठाऊक आहे तुले? जंतू वाढवते मी."

शकुबाई झटकन दोन पावलं मागे सरली.

"पाहा! आता पोटच्या पोरीपासूनही लांब झाली!"

शकुबाई वरमली. साधनानं तिला जवळ बसवलं आणि शांतपणे सांगू लागली, "ताप येऊन गेला, का माणसाच्या रक्तात त्या तापाच्या विषाणूले ओळखनारे पहारेकरी तयार होतात. त्याईले प्रतिपिंड म्हनतात. आमाले अख्खा पहारेकरी नाई पाहिजे, विषाणूले धरनारा त्याचा तुकडा तेवढा पाहिजे. तो कसा बनवाचा, हे रक्तातल्या पेशीत लिहून असते. ते काढून आम्ही साध्या जिवाणूत घालतो. त्याईच्यानं रोग होत नाई. ते वाढतात अन् तो तुकडा बनवून देतात."

"अन् मंग?"

"मंग तो एका लहान यंत्राच्या पट्टीवर बसवाचा. आजारी माणसाच्या रक्ताचा थेंब टाकला अन् त्यात विषाणू असला, तर तुकडा त्याले धरते आणि यंत्र सांगते. अजून तयार नाई झालं ते. सुरुवातीले, ज्याईले ताप येऊन गेला, त्याईचं रक्त पाहिजे. आशामावशीसारख्याईचं!"

 शकुबाई उठली आणि तडक आशाबाईच्या अंगणात गेली. आशाबाई जाळं वाळवत होती.

"चाय मांड," शकुबाई म्हणाली.

"माह्या हातची पेशीन?" आशाबाईनं जाळ्यावरची नजर काढली नाही. "मी हाका मारत व्हती. तुले आयकू नोहोतं येत."

"येत व्हतं," शकुबाई तिच्याजवळ टेकत म्हणाली. "सारं आयकू येत व्हतं मले. चुकलं माहं."

आशाबाईनं जाळं बाजूला ठेवलं. आणि चहा मांडला.

मागोमाग आलेल्या साधनानं आपलं काम तिलाही समजावून सांगितलं. "मनात नसन तर रक्त नको देऊ, मावशी."

"ज्याच्यानं गावानं टाकलं, तेच रक्त कामाचं निंगालं म्हना!" आशाबाई कितीतरी दिवसांनी हसली. "घे बाई."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्त काढलं. शकुबाई तिचा हात धरून बसली होती. ते पाहून गावचा पोचूभाऊही पुढे आला. त्यालाही ताप येऊन गेला होता, पण त्यानं तो लपवला होता! बर्फाच्या डब्यात नळ्या ठेवून साधना त्याच दिवशी नागपूरला निघाली.

पुढं दोन वर्षांनी ती आली, ती थेट आशाबाईकडे. "मावशी, तुह्या रक्तावरून बनवलेल्या तुकड्यानं प्रयोगशाळेत विषाणू धरला! यंत्र दवाखान्यात यायले वेळ आहे अजून. पन वाट सापडली."

"मंग लेकराईले कामी येईन," आशाबाई एवढंच म्हणाली.

वाचकहो, रोगाची भीती कुणालाही वाटते. पण डासांचं डबकं दारात तसंच ठेवून आपण आजारी माणसाला दूर लोटतो, तेव्हा रोगाचं काहीच बिघडत नाही. आपलं मात्र एक माणूस कमी होतं. लढायचं ते रोगाशी, आणि तेही त्या माणसाचा हात धरून!