दोरीवरचा सदरा

...एक चिमटा निसटला होता. दुसऱ्या, पिवळ्या चिमट्याने सदरा कसाबसा एका खांद्यावर लटकत होता, आणि वारा आला की गर्रकन वळून खिशावरचं जांभळं ठिगळ थेट रस्त्याला दाखवत होता. पडद्याच्या फटीतून त्याने ते पाहिलं आणि तो झटकन मागे सरला.

आपणच वाळत घातला. सकाळी, अर्धवट झोपेत, घरी घालतो तसा—पिळला, झटकला, गल्लीकडच्या गच्चीत जाऊन दोरीवर टाकला... शहाणाच आहेस! धरणाच्या भिंतीतली केसाएवढी भेग तुला दिसली, ती चारचौघांत सांगितलीस म्हणून देशद्रोही ठरलास, जीव मुठीत धरून या परक्या वकिलातीत शिरलास. आणि ही एवढी गच्ची दिसली नाही? वकिलातीचे सचिव कालच सरकारला तोंडावर सांगून आले होते, की असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. त्यांच्या देशाकडून आश्रयाची मंजुरी येईपर्यंत तो शब्द हेच त्याचं छप्पर होतं.

कोपऱ्यावर साध्या कपड्यांतला पोलीस स्टूल टाकून पेपर वाचत होता. त्याने वर पाहिलं नव्हतं. अजून तरी.

"मावशी, माझा सदरा बाहेर राहिलाय. तेवढा काढता?"

वकिलातीत स्वयंपाकपाणी बघणाऱ्या मावशींनी कपाळावर हात मारला. "अहो, कपडे माझ्याकडे टाका म्हणून सांगितलं होतं ना! आता एकटा सदरा काढायला गेले तर तो मेला बघणार नाही होय? थांबा, चादरी वाळत घालते, त्यांच्या आडून ओढून घेते."

थांबायचं. पण हीच तर तिची वेळ—बायकोची. शाळा सुटली की ती हल्ली या गल्लीतून घरी जाते, वाट लांबची असूनही. नवरा इथे आहे की कुठल्या कोठडीत, की नाहीच... तिला काही ठाऊक नाही. "त्यांना माहीत नसलं तर खोटं बोलावं लागणार नाही," सचिव म्हणाले होते. खरंच होतं ते. रोज ती खाली मान घालून जायची आणि रोज तो पडद्याआड दात आवळून उभा राहायचा.

ठिगळ तिच्याच जुन्या झग्याचं. "मला काय नंदीबैल करतेस?" तो चिडला होता. "असू दे, गर्दीत हरवलास तर सापडशील..."

ती वळणावर दिसली. मावशी बादली घेऊन गच्चीच्या दाराशी पोचल्या होत्या.

"मावशी, जरा थांबा."

हे आपण का म्हणालो? मावशी बघतच राहिल्या. खाली तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, घाम पुसायला मान वर केली, आणि सदरा वळला.

ती हसली. त्याला वाटलं होतं, दचकेल, रडेल, न पाहिल्यासारखं करेल—पण ती हसली, घरी हसते तशी, सगळ्या तोंडभर, आणि ते हसू तिला आवरेना. हसू नको गं, बाई... पोलिसाने पेपरची घडी घातली. तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश मान उचलून वर.

ती चालू लागली. थोड्या वेळाने स्टूल रिकामं दिसलं.

"काढू ना आता?" मावशींनी विचारलं.

तिला कळलं, तो आहे, याचा आनंद त्याच्या छातीत मावत नव्हता. आणि त्या आनंदाचीच त्याला भीती वाटत होती.