अंगणातला दगड आमचा नव्हे

टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते माझ्या हातात आलं. पाहुणा दगडाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. हा पाहुणा जगभरची जुनी चलनं जमवतो, आणि आमच्या बेटावर असे भोकाचे गोल दगड म्हणजे जुना पैसा. त्याच्या घरातली एक अख्खी खोली म्हणे त्यांनीच भरली आहे. माझा मुलगा गिलमार त्याला विमानतळावरून थेट आमच्या अंगणात घेऊन आला होता.

"आई, नीट धर गं. भोकाच्या मधोमध."

"अरे, तुझ्या आईच्या छातीला लागतो एवढं लिही की. मापं कसली घेताय!" मी म्हटलं.

आमचे हे, म्हणजे फिगिर, पायरीवर बसून सगळं पाहत होते. ह्यांनी तीस वर्षं सरकारी खात्यात रस्त्याकडेचं गवत कापलं. निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात, हे अंगणातलं गवत कापतात. आणि दर शनिवारी नारळाच्या सोडणाने त्या दगडावरचं शेवाळ घासतात. माझ्या दुखऱ्या पाठीला कधी एवढ्या मायेने तेल लावलं नाही या माणसाने!

"दगड विकायचा नाही," हे म्हणाले.

"का पण?"

"आपला नाही."

गिलमार हसलाच. "बाबा, मी जन्मल्यापासून तो इथे उभा बघतोय."

पोरगं बारा वर्षं अमेरिकेच्या ग्वाम बेटावर राहून आलं. तिथे अंगणात उभं असेल ते आपलं. आमच्याकडे दगड जागचा हलत नाही, मालक बदलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूने बजावलं होतं, "त्याला टेकून बसू नकोस, आपला नाही. कोणाचा ते विचारू नकोस." माझ्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, पण या बाबतीत चाळीस वर्षं मी गप्प राहिले.

"मग कोणाचा?" गिलमारने विचारलं.

ह्यांनी पायरीजवळचं गवत उपटलं.

पाहुण्याने टेप गुंडाळला आणि तो गिलमारशी काही बोलला. गिलमारने आम्हाला सांगितलं, "परवानगीचे कागद ते बघतील. फक्त दगडाची हकीकत लिहून हवी. कोणी आणला, कोणाला का दिला. हकीकत नसेल तर तो नुसताच दगड, म्हणतात."

पाहुणा शिकून आला होता. ते अगदी खरं होतं.

"बाबा, होडी घ्यायची आहे मला. होडी झाली तर मी इथेच राहीन, नाहीतर पुन्हा ग्वाम. तुम्ही सांगत नसाल तर मीच लिहितो काहीतरी. आजोबांनी पलाऊ बेटावरच्या खाणीतून होडीने आणला म्हणून."

खोटं कशाला बोलू, मुलगा इथे राहावा असं मलाही वाटत होतं. फार वाटत होतं. पण खोटी हकीकत म्हटल्यावर हे उठले. खांद्याला सुपारीची टोपली अडकवली, कुंपणावरची हिरवी डहाळी तोडली. डहाळी हातात घेतली म्हणजे दुसऱ्या गावात जायचं.

"अहो, कुठे निघालात? पाहुणा बसलाय!"

"येतो."

तासाभराने आले ते लेतिनागच्या मागोमाग. लेतिनाग अळूच्या खाचरांपलीकडच्या गावातली. ह्यांच्याहून चारपाच वर्षांनी मोठी. चाळीस वर्षांत तिने आमच्या अंगणात पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. वाटेत भेटली तर मान खाली घालून निघून जायची. मी लगबगीने चटई टाकली. ती बसली नाही. दगडाजवळ गेली आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"तू गिलमार ना रे? ये इकडे. हा दगड माझा. तुझ्या आजोबांनी माझ्या बापाला दिलेला."

गिलमार जवळ गेला.

"माझा धाकटा भाऊ होता, तामाग. तो आणि तुझा बाप सोळा-सोळा वर्षांचे. म्हातारे ओरडत होते, ओहोटी लागलीय, खडकांच्या बाहेर जाऊ नका. तुझा बाप म्हणाला, काही होत नाही. होडी उलटली. हा पोहत आला. तो आला नाही."

हे सुपारीच्या झाडाला धरून उभे होते. चाळीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले आणि मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

"तुझे आजोबा आमच्या दारात येऊन बसले. ऊन चढलं, उतरलं, पण उठले नाहीत. शेवटी माझ्या बापाने भरपाई म्हणून हा दगड घेतला. घेतला की तो विषय संपतो. पुन्हा काढला तर घेणाऱ्याचा अपमान. म्हणून तुझा बाप बोलला नाही. आज मला विचारायला आला, ताई, मुलाला सांगू का? म्हटलं, तू नको सांगूस. मी सांगते."

गिलमारने पाहुण्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तुम्ही विकाल का, असं लेतिनागलाच विचारलं.

"त्यांना विचार, तिकडे शेवाळ घासायला दर शनिवारी कोण येणार?" ती गिलमारला म्हणाली.

पाहुण्याने मान हलवली. गिलमार त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला. होडी गेली, आता मुलगाही जाणार, हे मला कळलं आणि माझे डोळे भरून आले. पण त्याला थांब म्हणायला तोंड कुठलं?

लेतिनाग चटईवर टेकली. दगडाची सावली तिच्या गुडघ्यांवर आली होती.

"फिगिर, पान नाही का रे तुझ्याकडे?"

ह्यांचा हात टोपलीत नुसताच फिरत राहिला. टोपली भरलेली होती, पण ह्यांना काही सापडेना. मग एक कोवळी सुपारी काढून फोडली, पानात घातली, वर चुना टाकला आणि दोन्ही हातांनी पान पुढे केलं. तिने ते घेतलं. तोंडात घातलं, सावकाश चावलं.

"चुना जास्त झालाय," ती म्हणाली.

ह्यांनी दुसरी सुपारी फोडायला घेतली.