पत्ता अस्पष्ट

“ताई, उठा आता! बारा वाजता सभा आहे,” सुपरवायझरनं तिसऱ्यांदा हाक मारली. ताईंनी हेडफोन काढला नाही. पलीकडे एक सून घाबरून रडत होती. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं तिच्या घरात शिरल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे ताई खुर्चीतून हलल्या.

ह्या खोलीत तातडीच्या मदतीचे फोन घेण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. आता पाच गावांच्या अशा खोल्या बंद करून जिल्ह्याला एकच मोठं केंद्र करायचं घाटत होतं. आजच्या सभेत अधिकारी लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. खोलीतल्या बाकी सहाही जणांनी ताईंनाच पुढे केलं होतं. “तुम्हाला गल्लीन्‌गल्ली पाठ. एवढंच ठासून सांगा.”

सभागृहात ताईंना बसवेना. भाषणाच्या कागदाची त्या सुरळी करत, पुन्हा उलगडत. दोनदा पाणी पिऊन आल्या. दारातून मागच्या रांगेत गावातली टेलरबाई दिसली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

तीच आधी बोलायला उभी राहिली. “आमचे मिस्टर गेले, तेव्हा ह्याच ताई फोनवर होत्या. गाडी येईपर्यंत त्यांनी मला एकटं सोडलं नाही. लांबचं माणूस इतकं करील का हो?”

टाळ्या पडल्या. सुपरवायझरनं ताईंना कोपरानं ढोसलं. “काम झालं आपलं! जा.”

ताई उठल्या. कागद खुर्चीवरच राहिला.

“ह्यांनी त्या दिवशी ‘टाकीजवळ’ म्हटलं. गावात टाक्या दोन. ह्यांचं दुकान जुन्या टाकीपाशी, ते मला माहीत. म्हणून मी पुढे विचारलंच नाही, गाडी तिकडे धाडली. ह्या होत्या घरी, नव्या टाकीपाशी. अकरा मिनिटं वाया गेली. मोठ्या केंद्रात फोन कुठून आला ते पडद्यावर दिसतं म्हणे. तिथल्या माणसानं ह्यांना ओळखलं नसतं, पण गाडी बरोबर गेली असती.” त्या टेलरबाईकडे वळल्या. “रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘पत्ता अस्पष्ट’. तो अस्पष्ट नव्हता. मी विचारला नव्हता.”

“म्हणजे खोल्या बंद कराव्यात, असं तुमचं मत?” अध्यक्षांनी विचारलं.

“मत नाही साहेब. झालं ते सांगितलं.”

बाहेर सुपरवायझर त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, “सात घरं चालतात त्या खोलीवर. आजच सुचलं तुम्हाला?” आणि गाडी काढून निघून गेला.

टेलरबाई जिन्यात थांबली होती.

“वेळेवर आली असती, तर वाचले असते?”

“सांगता येत नाही. कदाचित.”

“मला ऑफिसातून सांगितलं होतं, पत्ता नीट दिला नाही म्हणून उशीर झाला.” तिनं कठडा घट्ट धरला. “तीन वर्षं मी हेच धरून बसलेय. मीच मारलं त्यांना.”

ताईंनी हात जोडले. तिनं ते पाहिले. चार पायऱ्या उतरली आणि पाठमोरीच थांबली.

“मुलगी माझ्याशी बोलत नाही त्यावरून. तिला फोन करते. तुम्ही सांगाल?”

तिनं नंबर लावून फोन मागे धरला. ताई खाली उतरल्या आणि त्यांनी तो कानाला लावला. पलीकडे रिंग वाजत होती.