लेथचा रंग

कर्वेनगरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर आनंदीबाईंनी नसीमला फाटकातूनच परत पाठवलं, तेव्हा तिचा नवरा मकबूल फियाटमध्ये बसून होता. बोलणं त्याला सगळं ऐकू आलं.

"मुलींना गाडी शिकायचीय, भंगार कुठे विकतात ते नव्हे," आनंदीबाई म्हणाल्या. "आधी गाडी धड करून आणा. मग बघू."

"आणते, बाई," एवढंच म्हणून नसीम आली आणि तिने गाडी सुरू केली.

बायकांना गाडी शिकवायचा क्लास तिने हट्टाने काढला होता. परवाना मिळवला, सासरच्यांची बोलणी खाल्ली, शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांची पडून राहिलेली फियाट घेतली आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक बसवून घेतला. पण शिकायला कोणी येईना. वसतिगृहाच्या मुली मिळाल्या तर क्लास चालणार होता. नाही मिळाल्या तर गाडी विकून घरी बसायचं, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

गॅरेजवाल्याने गाडीभोवती फेरी मारली, दोन ठिकाणी बोटाने वाजवून पाहिलं आणि असा भाव सांगितला की त्यात दुसरी जुनी फियाट आली असती. रंग महाग नव्हताच. पत्र्यावर पोचे फार. ते ठोकून काढायचे, त्यात पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा भरायची. मजुरी सगळी त्यात. दुसरा एक जण म्हणाला, "वरवर मारून देतो, स्वस्तात."

"किती टिकेल?" नसीमने विचारलं.

"का, ताई? विकायचीच आहे ना?"

मकबूल धायरीला दादामियाँच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, टर्नर होता. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला नसीम तिथे आली आणि डबा हातात धरूनच लेथसमोर उभी राहिली.

"हा रंग कसला हो?"

"मशीनला मारतात तो. हॅमरटोन."

"कधी मारलेला?"

"मी इथे लागलो त्याच्या आधीचा."

करडा रंग, त्यात बारीक हातोडीने ठोकल्यासारखा दाणा. त्याच्यावर रोज तेल सांडत होतं, लोखंडाचा तापलेला कीस उडत होता, पाने आपटत होते. नसीमने फडक्याने एक जागा पुसली. खालून रंग जसाच्या तसा चमकला.

"ह्याच्याखालचं लोखंड सपाट आहे का?"

मकबूलने वाकून पाहिलं, हात फिरवला. लोखंड चांगलं खडबडीत होतं. खड्डे होते. इतकी वर्षं तो त्या मशीनसमोर उभा होता आणि त्याला ते कधी दिसले नव्हते.

"मग पोचे भरायचेच कशाला?" नसीम म्हणाली. "ह्या दाण्यात दिसणारच नाहीत."

दादामियाँ खुर्चीतून हसले. "बेटी, गाडीला मशीनचा रंग? लोक हसतील."

"हसू देत, चाचा. हसायला का होईना, बघतील तरी."

गाडीच्या नोंदणी पुस्तकात रंग करडाच लिहिलेला होता, त्यामुळे तीही कटकट नव्हती. सुट्टीच्या दिवशी दादामियाँनी कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन दिली. गंजाचा ठिपकासुद्धा नसीमने सोडला नाही. चाकांच्या वर, दारांच्या खाली, ती जमिनीवर पडून घासत राहिली. मग लाल प्रायमर, तो वाळल्यावर थिनरने पुसणं, मग रंग. बॉनेट मारून झालं आणि मधोमध रंग फाकायला लागला. बघता बघता तिथे पाच बोटांचा पंजा उमटला. थिनरने पुसल्यावर मकबूलने कौतुकाने बॉनेटवर हात ठेवला होता. टर्नरचा हात, कितीही धुतला तरी तेलकट, आणि तेलावर रंग धरत नाही.

"सही केलीत?" नसीमने विचारलं.

"चुकून..."

"आता लांब उभे राहा आणि तिथूनच कौतुक करा."

तिने बॉनेट खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलं. मकबूल लांब उभा राहिला. तिच्या केसांवर करडे कण बसले होते, ओढणी नाकावर बांधलेली होती, आणि हात मात्र जराही घाई करत नव्हता. वर्कशॉपमध्ये असा हात असलेला एकही माणूस नाही, असं त्याला वाटलं.

वसतिगृहाच्या फाटकात आनंदीबाईंनी चष्मा वर सरकवला.

"गाडी आहे की तिजोरी?"

"शिकायच्या गाडीला तिजोरीच बरी, बाई."

"हं. एक फेरी मारून दाखवा. हेमा, बस तू."

हेमा वसतिगृहातली पोरसवदा मुलगी. मकबूल आनंदीबाईंच्या मागे जरा अंतर राखून उभा राहिला. आवारातून गाडी हळूहळू फाटकाशी आली, हेमाने लवकर वळवली आणि गाडीचं दार खांबाला करकरत घासत गेलं. हेमाने दोन्ही हात तोंडावर घेतले. गाडी थांबली ती नसीमच्या ब्रेकने.

संपलं, मकबूलच्या मनात आलं. माफी मागायला तो पुढे झाला.

नसीम गाडीचं काय झालं ते बघायला उतरली नाही.

"हात खाली घे. ते स्टिअरिंगवर हवेत."

"मॅडम, गाडी..."

"गाडीला काही होत नाही. तू खांबाकडे बघत होतीस, म्हणून खांबाकडे गेलीस. मागे घे, आणि आता रस्त्याकडे बघ."

नसीमचा भाऊ तिला गाडी शिकवायचा तेव्हा दर ओरखड्याला उतरून आधी गाडीचा पत्रा चोळायचा, मग तिच्याकडे बघायचा. लग्नानंतर एकदा तिने हे सांगितलं होतं आणि मकबूल हसला होता. आज तो हसला नाही. हा रंग तिने नुसता स्वस्त म्हणून शोधला नव्हता.

हेमाने गाडी मागे घेतली. दुसऱ्या खेपेला ती फाटकातून सरळ बाहेर पडली. दारावर पांढरा पट्टा उमटलेला होता.

आनंदीबाईंनी खांबाला हात लावून पाहिला. हाताला चुना आला.

"तुमच्या गाडीने आमचा खांब सोलला," त्या म्हणाल्या. "यंदा रंगवणार होते. आता मुली शिकेपर्यंत थांबते. आपण कोण?"

"मी मॅडमचा नवरा," मकबूल म्हणाला. स्वतःची अशी ओळख त्याने आजवर कधी दिली नव्हती. देताना बरं वाटलं.

"त्यांना सांगा, उद्यापासून चौघी पाठवते. एक रडायला लागली की दुसरी तयार हवी."

गाडी वळून परत येताना दिसली, तशी दोघंही फाटकापासून चांगली लांब सरकली.